तोंडातल्या नांग्या



उसात नांग्या पडल्या म्हणजे काय होते, हे आपल्याला आम्ही सांगायला नको. लागण उगवून आली की महिन्याभरात आपण सरीसरीने फिरतो आणि जिथे डोळा फुटला नाही तिथे पिशवीतले रोप लावतो. नाही लावले तर त्या जागी तण माजते, शेजारची बेटे मोकळ्या बाजूला कलतात आणि शेवटी काट्यावर टनेज कमी भरते. गावोगावच्या बैठकांत आम्ही हे दरसाल सांगत असतो. या वेळी विषय नांग्यांचाच आहे, पण रान दुसरे आहे. ते रान म्हणजे आपले तोंड.

विषय वाचून काही जण हसतील. खुशाल हसावे. पण हसताना आपला हात आपोआप तोंडापुढे जातो का, तेवढे पाहावे.

सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी त्यात येऊ लागले आणि ज्वारी-कापसाच्या या पट्ट्यात ऊस उभा राहिला. त्या १९८० च्या दशकात ज्यांनी ऐन तिशीत पहिली लागण केली, ते सभासद आज सत्तरीच्या घरात आहेत. शेअरचा दाखला तोच आहे, गट नंबर तोच आहे, दात मात्र तेवढे राहिलेले नाहीत. सगळेच दात गेले आहेत असे लोक त्यात थोडे. बहुतेकांच्या चार-सहा दाढा गेल्या आहेत आणि बाकीचे दात शाबूत आहेत. अशांसाठी जी कवळी करतात ती अर्धी कवळी. उरलेल्या दातांना तारेच्या आकड्यांनी धरून बसणारी, रोज काढायची आणि रोज घालायची.

ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही घरोघर जातो, चहा होतो, गप्पा होतात. तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. कवळी केलेली असते, पण ती डबीत असते आणि डबी देवळीत. घरधनी समोर बसून भाकरी चहात बुडवून खात असतो.

आमच्या एका गटात एक वयस्क सभासद आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. ऊस पिकला की नाही हे आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून, ब्रिक्स पाहून ठरवतो. आबांचे यंत्र निराळे होते. बांधावर उभे राहून दाताने ऊस सोलायचा, बुडख्याचे एक पेर चावायचे, शेंड्याकडचे एक चावायचे, आणि सांगायचे, "आजून पंधरा दिस दम धरा, साहेब. शेंडा आळणी हाय." पुष्कळदा आमचे यंत्रही तेच सांगे.

पुढे त्यांच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या. मुलाने हौसेने कवळी करून दिली. पुढच्या हंगामात आम्ही गेलो तर ती देवळीत.

"कामून हो आबा, दात काढून ठेवले?"

"काय सांगू साहेब, तोंडात चपलीचा आंगठा घातल्यावानी वाटतंय. बोलाया गेलं की शिटी वाजती. हिरडी सोलून निघाली. आन् घासाला तर चवच न्हाई. पैशे पान्यात गेले बगा."

"किती दिवस घातले?"

"चार दिस."

"मग डॉक्टरांकडे परत गेलात का?"

"परत कशाला? दात तर त्यांनी दिले की."

हीच समजूत घरोघर आहे. दात हातात पडले की काम संपले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात काम तिथून सुरू होते. नवा गोऱ्हा जुवाखाली आणला की तो पहिल्या दिवशी सरळ तास धरत नाही, आणि धरत नाही म्हणून कोणी त्याला बाजार दाखवत नाही. महिनाभर त्याच्याबरोबर चालावे लागते. खांदा लागला तर जू बदलून, घासून घ्यावे लागते. कवळीचेही तसेच आहे. म्हणून कवळी करू पाहणाऱ्यांसाठी आणि करून ठेवून दिलेल्यांसाठी हा मजकूर. आम्ही शेतकी खात्याची माणसे, दातांचे डॉक्टर नव्हे. पण दंतवैद्यकात सर्वमान्य आहे तेवढेच इथे साध्या भाषेत मांडले आहे.

नांगी तशीच ठेवली तर

एक दाढ काढली, दुखणे थांबले, की आपण सुटलो म्हणतो. पण दाताची जागा मोकळी राहिली की शेजारचे दात हळूहळू तिकडे कलतात. समोरच्या जबड्यातला जो दात त्या दाढेवर टेकत असे, त्याला आधार उरत नाही आणि तो आपल्या जागेतून पुढे उतरू लागतो. कललेल्या दातांच्या फटीत अन्न अडकते, तिथे कीड लागते आणि चांगले दात खराब होतात. ज्या हाडात दात रोवलेला होता ते हाडही झिजत जाते. म्हणजे एका नांगीपायी सगळी सरी बिघडते. वर्षानुवर्षे थांबून मग कवळी करायला गेलेल्या माणसाची कवळी नीट बसायला अवघड जाते, त्याचे कारण हेच.

दुसरे नुकसान ताटात होते. चावता येत नाही म्हणून कच्चा कांदा सुटतो, गाजर-काकडी सुटते, शेंगदाणे, फुटाणे, मटण सुटते, शेवटी भाकरीही सुटते. उरतो चहा, बिस्किट, मऊ भात. पोट भरते पण अंगाला लागत नाही. मधुमेह असेल तर साखर आणखी वाढते. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण थट्टेत घेतो. ज्याच्या घरी पोत्याने हरभरा आहे आणि जो चहात बुडवलेल्या बिस्किटावर दिवस काढतो, त्याला ती थट्टा वाटत नाही.

कवळी बनते कशी

दात काढल्यावर हिरडी भरून यायला काही आठवडे द्यावे लागतात. हललेले, किडलेले बाकीचे दात आधी दुरुस्त करून घ्यायचे असतात, कारण कवळीचे आकडे त्यांनाच धरणार. ज्या खांबाला तार ओढायची तो खांब आधी पक्का हवा.

मग तोंडाचे माप घेतात. त्यासाठी पाण्यात कालवून घट्ट होणारा जो मसाला वापरतात, तो समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या पदार्थाचा असतो. मापातून प्लास्टरचा साचा होतो. वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते मेणावर पाहतात, मेणात दात बसवून एकदा तोंडात घालून बघतात आणि मग पक्की कवळी होते. म्हणजे चार-पाच खेपा धराव्यात. एकाच खेपेत दात द्या असा हट्ट धरू नये.

साधी कवळी अ‍ॅक्रिलिकची, गुलाबी रंगाची असते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस हे द्रव्य आले. त्याआधी कडक केलेल्या रबराच्या कवळ्या असत. दुसरा प्रकार ओतीव धातूचा. तो पातळ, मजबूत आणि महाग. तिसरा प्रकार लवचीक, नायलॉनसारख्या द्रव्याचा. त्याला तारा दिसत नाहीत, पण पुढे दुरुस्ती करणे अवघड जाते. आपल्याला कोणता योग्य ते डॉक्टरांनाच विचारावे. किंमतही आधीच विचारावी, त्यात संकोच नको. शेजारचे दात घासून पक्का पूल बसवणे, किंवा हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवणे हेही मार्ग आहेत. ते खर्चाचे आहेत, शिवाय हाड आणि तब्येत तशी लागते.

एक बाब आधीच समजून घ्यावी. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना दात शिल्लक असतील तर कवळी दोन खांबांवर टेकते आणि स्थिर राहते. शेवटच्या दाढाच गेल्या असतील तर एका बाजूला खांब नाही. कवळी मागे हिरडीवर टेकते, थोडी दबते, थोडी हलते. आबांची अशीच होती. अशी कवळी अंगवळणी पडायला जास्त दिवस लागतात. सबब, शेजाऱ्याला आठ दिवसांत जमले म्हणून आपल्यालाही आठच दिवसांत जमेल असे नाही.

पहिला महिना

पहिल्या दिवशी तोंड भरल्यासारखे वाटते आणि लाळ फार सुटते. तोंडाला ते अन्नच वाटते, म्हणून ते लाळ सोडते. काही दिवसांत त्याला कळते आणि लाळ आपोआप कमी होते. थुंकत बसू नये, गिळत जावे. वरची कवळी टाळूवर येत असेल तर काहींना मळमळते. मान किंचित पुढे घेऊन नाकाने सावकाश श्वास घ्यावा. मळमळ थांबलीच नाही तर डॉक्टर मागची कड पाहून देतात.

बोलणे अडखळते. स, श, च, ज ही अक्षरे घसरतात, शिट्टी वाजते. जिभेला नवी वाट शिकावी लागते आणि ती बोलूनच शिकते. घरात मोठ्याने वाचावे. पेपर वाचा, पोथी वाचा, हवे तर हीच पत्रिका वाचा. नातवाला जवळ घेऊन वाचले तर त्याचाही अभ्यास होतो. वाचता येत नसेल तर रोजचा हरिपाठ मोठ्याने म्हणावा. मुके राहून जीभ वळत नाही.

कवळी घालताना बोटांनी दाबून जागेवर बसवावी. दातांत धरून चावून बसवू नये, त्याने तारा वाकतात आणि कवळी तडकते. काढताना एकाच बाजूने हिसका देऊ नये. दोन्हीकडच्या आकड्यांजवळ धरून सरळ काढावी. सुरुवातीला आरशासमोर करावे.

आता हिरडी दुखण्याचे. नवे पायताण टाचेला लागते तशी नवी कवळी हिरडीला कुठेतरी लागतेच. त्यावर इलाज आहे आणि तो सोपा आहे. डॉक्टर लागणारी जागा शोधून तेवढीच कड घासून देतात. मात्र ती जागा सापडण्यासाठी हिरडीवर खूण दिसावी लागते. म्हणून फार दुखत असेल तर कवळी काढून ठेवावी हे खरे, पण डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवसापासून ती थोडी तरी घालावी आणि सोबत घेऊन जावे. पुष्कळ लोक आठ दिवस कवळी काढून ठेवतात, हिरडी बरी होते, आणि मग डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही. घरी कानस, विळा, चाकू किंवा पॉलिश पेपर घेऊन कवळी घासण्याचा उद्योग कोणी करू नये. ट्रॅक्टरचे नट-बोल्ट आपण घरी आवळतो, पण हे काम त्यातले नव्हे. अशा दोन-तीन खेपा होतात. त्या कवळी बिघडल्याच्या खेपा नव्हेत, कामाचाच भाग आहेत.

भाकरी, हुरडा आणि ऊस

जेवणाची सुरुवात मऊ अन्नाने करावी. वरण-भात, उकडलेली भाजी, दुधात कुस्करलेली भाकरी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताज्या भाकरीचे लहान तुकडे आमटीला लावून खावेत. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी चावावा. एकाच बाजूने चावले की कवळी दुसरीकडून उचलते. पुढच्या दातांनी फोडणे, तोडणे टाळावे. पेरू, सफरचंद कापून खावे. हुरडा कोवळा असेल आणि थोडाथोडा खाल्ला तर चालतो. चिक्की, घट्ट गुळाची ढेप, च्युइंगगम हे कवळीला चिकटते, ते नको. गरम चहा जपून प्यावा, कारण झाकलेल्या टाळूला उष्णता लवकर कळत नाही आणि घसा पोळतो. चव गेल्यासारखी वाटते तीही बहुतेकांची परत येते, कारण चव मुख्यतः जिभेला कळते आणि जीभ मोकळीच असते.

स्वतःच्या दातांचा जोर मात्र कवळीत येत नाही, हे कबूल करून चालावे. कवळीने ऊस सोलू नये आणि चावूही नये. हे वाक्य ऊस विकास अधिकाऱ्याने लिहावे याची आम्हालाही गंमत वाटते, पण ते खरे आहे. उसाची साल कवळीच काय, चांगले दातही फोडते. शिवाय दिवसभर ऊस चघळत राहिल्याने उरलेल्या दातांना, विशेषतः आकड्याखालच्या दातांना, कीड लागते. रस प्यावा, वर चूळ भरावी.

आबा पुढे मुलाला घेऊन परत गेले. दोन वेळा कड घासून झाली, एक तार आवळून झाली. तिसऱ्या आठवड्यात ज्वारीची भाकरी खाल्ल्याचे त्यांनी आम्हाला रस्त्यात थांबवून सांगितले. ऊस ते आता चावत नाहीत. आम्ही गेलो की रिफ्रॅक्टोमीटर हातात घेऊन उजेडाकडे धरतात, आकडा वाचतात आणि रसाचा एक थेंब जिभेवर ठेवून यंत्राचे बरोबर की चूक ते सांगतात.

निगा

रात्री झोपताना कवळी काढावी. हिरडीला विसावा हवा असतो, नाहीतर तिला सूज येते आणि बुरशी धरते. शिवाय लहान कवळी झोपेत सुटून घशात जाण्याचा धोका असतो. काढलेली कवळी साध्या गार पाण्यात ठेवावी. वाळली की तिचा आकार बिघडतो. उकळते पाणी तर मुळीच घालू नये, अ‍ॅक्रिलिक वाकडे होते. तारेची कवळी ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवू नये, धातू खराब होतो.

रोज मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवावी. टूथपेस्ट नको, तिच्याने चरे पडतात. राख, विटकर तर नकोच. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा घडी केलेला टॉवेल ठेवावा. हातातून निसटून फरशीवर पडली की दोन तुकडे होतात. कागदात गुंडाळून उशाला ठेवू नये. केर काढताना ती केरात जाते किंवा नातवंडाच्या खेळण्यात जाते.

उरलेले दात दोन वेळा घासावेत. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना दाखवावे. हाड झिजत राहते, त्यामुळे आज बरोबर बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते. तेव्हा आतून नवा थर देऊन घेता येतो. सैल कवळी तशीच वापरली तर ती हिरडी आणि आकड्याचे दात दोन्ही खाते. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर कवळीचे लागणे म्हणून सोडून देऊ नये, ताबडतोब दाखवावे. तंबाखू खाणाऱ्यांनी तर विशेष. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू-चुना आणि मशेरी घरोघर आहेच.

घरातल्या बायांचे दात

बैल चारा खाईना की त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना फोन जातो. घरातली म्हातारी दोन वर्षे भाकरी खात नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण ती सर्वांना वाढून मागून जेवते. आम्ही एका घरी विचारले, "मावशी, तुम्ही का नाही दात करून घेतले?" त्या म्हणाल्या, "मला कुठं सभंला जायचंय, बाबा? चूल काय दात बगती व्हय?"

त्यांना उत्तर द्यायला आमच्यापाशी शब्द नव्हते. मशेरी लावून लावून हिरड्या खिळखिळ्या झालेल्या कितीतरी बाया आपल्या गावांत आहेत. मशेरीने दात बळकट होतात ही समजूत साफ चुकीची आहे. ती भाजलेली तंबाखूच आहे. दात सभेला जाण्यासाठी नसतात, जेवण्यासाठी असतात, आणि जेवण सगळ्यांना सारखेच लागते. उसाचे बिल जमा झाले की बी-बियाणे, सोसायटी, लग्नकार्य यांच्या यादीत घरातल्या दातांचीही एक ओळ धरावी, आणि त्या ओळीत दोघांचे नाव असावे.

लाज कसली?

कवळी म्हणजे म्हातारपणाची पाटी, म्हणून काही जण कवळी टाळतात. महात्मा गांधी १९३६ पासून वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिले. त्यांचेही दात गेले होते. ते जेवताना कवळी लावत, एरवी काढून ठेवत, आणि बोळक्या तोंडाने जगासमोर हसत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अधिकारावर आले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. पाणघोड्याच्या दातापासून कोरलेल्या, स्प्रिंगा लावलेल्या जड कवळीने ते बेजार असत. त्यांच्यापेक्षा आपल्याला आज पुष्कळ हलके आणि चांगले मिळते.

जपानने १९८९ साली एक मोहीम सुरू केली. ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे वीस दात असावेत, हे तिचे ध्येय. आपल्या तरुण सभासदांनी हा आकडा लक्षात ठेवावा. नांगी भरण्यापेक्षा उगवण चांगली ठेवणे केव्हाही स्वस्त.

कुठे जावे

शिकलेल्या, नोंदणी झालेल्या दातांच्या डॉक्टरांकडेच जावे. बाजारात, जत्रेत पेटी मांडून बसणारे लोक एका बैठकीत 'पक्का दात' चिकटवून देतात. तो मसाला हिरडीला आणि शेजारच्या दातांना घट्ट बसतो, खाली अन्न कुजते आणि चांगले दात जातात. छत्रपती संभाजीनगर येथे १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, तिथे कवळीचे काम होते. खेपा जास्त होतील, पण खर्च आवाक्यात राहतो. जाण्यापूर्वी जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर दात काढण्याआधी ते आवर्जून सांगावे.

वेळही शेतकऱ्याने आपली आपण निवडावी. तोडणी सुरू झाली, टोळी रानात आली, की कोणाला सवड नसते. पावसाळ्यात, बांधणी आणि खताचे काम उरकले की माप द्यायला जावे, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आत कड घासायच्या खेपाही आटोपतात आणि हंगामाला माणूस जेवता-बोलता तयार असतो.

ज्यांची कवळी देवळीत पडून आहे त्यांनी ती फेकू नये. धुऊन पिशवीत घालावी आणि ज्यांनी केली त्यांना दाखवावी. बसत असेल तर घासून, आवळून देतील, नसेल तर तसे सांगतील. घरात वडील माणसांना वाचता येत नसल्यास तरुण मंडळींनी हा मजकूर त्यांना वाचून दाखवावा, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी